फ्रूटेड सॉर बिअर चाखायची कशी: फळ ओळखलं म्हणजे झालं असं नाही

फ्रूटेड सॉर, म्हणजे फळ घातलेली आंबट बिअर, समोर आली की बहुतेक जण एक घोट घेतात, डोळे बारीक करतात, "रास्पबेरी आहे, आंबट आहे, भारी आहे" म्हणतात आणि तिथेच थांबतात. फळ ओळखणं तसं सोपंच असतं कारण ते कॅनवर लिहिलेलं असतं, आणि एकदा नाव वाचलं की नाक फक्त तेच शोधत बसतं. पण त्या ग्लासात तीन गोष्टी असतात, आंबटपणा, फळ आणि त्या दोघांच्या खाली असलेली मूळ बिअर, आणि चाखायचं म्हणजे या तिन्ही आधी एकमेकींपासून सोडवायच्या आणि मग त्या एकमेकींना कशा धरून आहेत ते बघायचं. हे जमायला कुठला कोर्स लागत नाही, वेळ लागतो, अर्धा तास तरी, आणि थोडी पद्धत लागते. तीच इथे क्रमाने लिहिते.

आधी लेबल वाचा, नीट वाचा

सॉर हा एक प्रकार नाही, खूप वेगवेगळ्या बिअर या एका नावाखाली विकल्या जातात, आणि कुठली हातात आहे हे माहीत नसेल तर तुम्ही एकीच्या अपेक्षेने दुसरीला नापास कराल.

सगळ्यात जास्त दिसते ती केटल सॉर. यात उकळायच्या भांड्यातच वॉर्टमध्ये म्हणजे धान्याच्या गोड पाण्यात लॅक्टोबॅसिलस जिवाणू सोडतात, एक-दोन दिवस कोमट ठेवतात, हवा तेवढा आंबटपणा आला की उकळून जिवाणू मारतात आणि मग नेहमीसारखं यीस्ट घालतात. म्हणजे आंबटपणा आधी ठरला, फळ नंतर आलं. चव स्वच्छ, सरळ, दह्याच्या वळणाची, त्यात फार गुंतागुंत नसते आणि नसावी पण. बर्लिनची बर्लिनर वाइसं ही या घरातली जुनी बिअर, अल्कोहोल जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास, तिथे ती रास्पबेरीचं किंवा वुडरफ नावाच्या वनस्पतीचं सरबत घालून प्यायची पद्धत आहे. गोझं ही दुसरी जर्मन बिअर, गोस्लार आणि लाइपझिगची, हिच्यात मीठ आणि धने असतात, त्यामुळे खारट लागली म्हणून दचकू नका. ब्राझीलमधल्या सांता कातारिना राज्यातून आलेली कातारिना सॉर तर ताज्या फळासाठीच ओळखली जाते.

दुसरी मोठी जात म्हणजे मिक्स्ड फर्मेंटेशन, म्हणजे मिश्र आंबवणं: यीस्ट, ब्रेटॅनोमायसिस नावाचं रानटी यीस्ट, लॅक्टोबॅसिलस, पेडिओकॉकस हा आणखी एक जिवाणू, हे सगळे एकत्र, बहुतेक वेळा लाकडी पिंपात, कित्येक महिने किंवा वर्षं. बेल्जियमची लँबिक त्याच्याही पुढची, तिच्यात कुणी यीस्ट घालतच नाही, उकळलेलं वॉर्ट रात्रभर उघड्या उथळ टाकीत गार होऊ देतात आणि हवेतले, पिंपातले जीव त्याचा ताबा घेतात. तिच्यात आंबट चेरी घातली की क्रीक, रास्पबेरी घातली की फ्रांबोआझ. ब्रुसेल्सची कांतियाँ ही लँबिकची ब्रुअरी १९०० सालची आहे. एक गोष्ट लक्षात ठेवा, क्रीकच्या नावाआधी 'औडे' हा शब्द असेल तर ती पारंपरिक, कोरडी, गोड न केलेली, आणि तो नसेल तर ती बऱ्याचदा गोड केलेली असते, दोन्ही क्रीकच पण चव एकदम वेगळी.

आणि तिसरी म्हणजे स्मूदी सॉर, ज्यात फर्मेंटेशन संपल्यावर भरपूर फळाचा गर घालतात, कधी दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज आणि व्हॅनिलापण. ही कायम फ्रिजमध्येच हवी, कारण गरातली साखर अजून आंबलेली नसते आणि बाहेर गरमीत राहिली तर उरलेलं यीस्ट जागं होऊन डब्यातच कामाला लागतं, कॅन फुगतो, फुटूही शकतो. फुगलेला कॅन उघडायच्या भानगडीत पडूच नका.

लेबलवर आणखी तीन गोष्टी बघा: तारीख, अल्कोहोलचा आकडा आणि घटक. केटल सॉर आणि स्मूदी जेवढी ताजी तेवढी चांगली. पिंपातल्या बिअर टिकतात, त्यांचा फंकी भाग, म्हणजे तबेल्या-चामड्याची आठवण देणारा वास, वर्षागणिक वाढतो पण फळ मात्र मागे मागे जातं, म्हणजे टिकते याचा अर्थ फळ टिकतं असा नाही. घटकांत फळ, गर, रस असं लिहिलंय की फ्लेवर, अर्क असं, तेही बघून ठेवा, पुढे तोंडात पडताळता येतं.

तोंड, ग्लास, तापमान

चाखायच्या आधी तासभर कॉफी नको, तिखट नको, सिगारेट नको आणि ब्रशपण नको. टूथपेस्टमधलं फेस करणारं द्रव्य गोड चव दाबतं आणि कडू वाढवतं, मग बिअर उगाच कडवट आणि जास्तच आंबट वाटते. खोलीत अगरबत्ती, परफ्यूम, फोडणीचा वास नको. साधं पाणी जवळ ठेवा आणि काहीतरी बेचव खायला, बिनमिठाचा पाव किंवा साधं क्रॅकर.

ग्लास ट्यूलिप आकाराचा असेल तर उत्तम, नसेल तर वाइनचा चालतो, मुद्दा एवढाच की तोंडाशी निमुळता हवा म्हणजे वास आत कोंडतो. फ्रीझरमधला बर्फाळ ग्लास अजिबात नको. ग्लासाला साबणाचा वास नाही ना बघा, गार पाण्यातून काढून घ्या.

तापमानाबद्दल मी जरा आग्रही आहे कारण इथेच निम्मं बिघडतं. बर्फासारखी गार बिअर प्यायली तर गोडवा आणि वास दोन्ही दबतात, उरतो फक्त आंबट चटका आणि बुडबुडे, आणि मग लोक म्हणतात सॉर म्हणजे नुसतं लिंबूपाणी. केटल सॉर ५ ते ७ अंश सेल्सियसला सुरू करा, पिंपातली किंवा लँबिक ८ ते १२ ला. थर्मामीटर नसेल तर फ्रिजमधून काढून केटल सॉर पाचेक मिनिटं आणि दुसरी पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा, एवढं पुरतं.

आणि एक सराव आहे जो एकदाच करायचा, पण करायचाच. तीन छोट्या ग्लासात पाणी घ्या. एकात लिंबाचे काही थेंब, दुसऱ्यात व्हिनेगरचे काही थेंब, तिसऱ्यात दह्याच्या वरची निवळी दोन चमचे. लिंबात सायट्रिक अ‍ॅसिड, व्हिनेगरमध्ये अ‍ॅसेटिक, निवळीत लॅक्टिक. तिन्हीचा आधी वास घ्या, मग चव. लिंबाचा आंबटपणा टोकदार, पटकन येतो पटकन जातो. निवळीचा गोल, मऊ, जिभेवर पसरून थांबतो. व्हिनेगरचा तोंडाआधी नाकात जातो आणि गिळताना घशाला लागतो. याच्या जोडीला एक हिरवं सफरचंद चावा, ते मॅलिक अ‍ॅसिड, गालांच्या आतून पाणी सुटतं आणि बराच वेळ सुटत राहतं. हे चार आंबटपणा तोंडाला माहीत झाले की पुढे "आंबट आहे" एवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही.

आणखी एक, लेबलवरचं फळ ताजं मिळत असेल तर एक तुकडा बाजूला ठेवा, पण बिअरच्या आधी खाऊ नका.

उघडणं आणि ओतणं

बाटली आदल्या दिवशीपासून उभी ठेवा म्हणजे गाळ खाली बसतो. सॉर बिअर, विशेषतः बाटलीतच परत फर्मेंट झालेली, उघडल्या उघडल्या उसळू शकते, म्हणून सिंकजवळ, हळू, जवळच एक रिकामं भांडं ठेवून. कॅन स्मूदीचा असेल तर उलट, फळाचा गर तळाला बसलेला असतो, तो उघडायच्या आधी हळूच आडवा करून दोन-तीनदा लोळवायचा, हलवायचा नाही. नाहीतर पहिला ग्लास पाणी आणि शेवटचा चटणी.

एका वेळी १०० मिलीच्या आसपास ओता, ग्लास तिरपा धरून सुरुवात, शेवटी सरळ करून थोडा फेस येऊ द्या. उरलेली परत गार ठेवा, ती लागणार आहे.

बघा, पण फार वेळ नको

रंग इथे खरंच काहीतरी सांगतो. बेरी आणि चेरीतले लाल-जांभळे रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांमुळे असतात आणि ही द्रव्यं आंबट पाण्यात जास्त लाल होतात, म्हणून ब्लूबेरी घातलेली सॉर निळी न दिसता गुलाबी-किरमिजी दिसते, त्यात कुणी रंग घातलाय असं लगेच धरू नका. उलट गुलाबीची चहासारखी तपकिरी झाक झाली असेल तर बिअर जुनी आहे किंवा तिला हवा लागलीय. स्ट्रॉबेरीचा रंग तर लवकर जातोच.

गढूळपणा हा दोष नाही, फळातलं पेक्टिन आणि गहू दोन्ही गढूळ करतात. फेस पटकन विरला तरी काळजी नको, आंबट बिअरमध्ये फेस धरून ठेवणारी प्रथिनं कमी होतात आणि बियांतलं तेलही फेस मोडतं. बस, एवढं बघून पुढे चला. बिअर परीक्षकांच्या बीजेसीपी नावाच्या संस्थेच्या ५० गुणांच्या तक्त्यात दिसण्याला फक्त ३ गुण आहेत, वासाला १२ आणि चवीला २०, वेळही त्याच हिशोबाने द्या.

वास, इथे थांबा

पहिल्यांदा ग्लास न हलवता, नाकापासून थोडा लांब धरून वास घ्या. मग नाक आत घालून दोन-तीन छोटे छोटे हुंगे, एक मोठा श्वास नको, त्याने नाक लगेच सरावतं आणि काही कळेनासं होतं. मग ग्लास गोल फिरवून परत. मध्ये मध्ये स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, नाक पूर्वपदावर येतं.

आता एक महत्त्वाची गोष्ट, लॅक्टिक, सायट्रिक, मॅलिक या अ‍ॅसिडना जवळपास वासच नसतो, ती हवेत उडत नाहीत. वास येतो तो अ‍ॅसेटिकचा. म्हणजे ग्लास नाकाशी नेल्यावर आंबट झिणझिणी आली तर ती व्हिनेगरची, आणि ती किती आहे ते लगेच लक्षात ठेवायचं. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या लाल आंबट बिअरमध्ये थोडी असणं शोभतं, केटल सॉरमध्ये ती दिसायलाच नको.

फळाचा वास आला की "आंबा" एवढं लिहून थांबू नका, स्वतःला विचारा हे फळ कुठल्या अवस्थेतलं आहे. ताजं कापलेलं? जास्त पिकलेलं? शिजवलेलं, जॅम? वाळवलेलं? साल की गर? की गोळीतलं, सिरपमधलं? माझ्या मते फ्रूटेड सॉरबद्दल विचारावा असा सगळ्यात कामाचा प्रश्न हाच, कारण उत्तर ब्रूअरने काय केलं तिथवर नेतं. फळ फर्मेंटेशनमध्ये असताना घातलं तर यीस्ट त्याची साखर खाऊन टाकतं, आणि साखर गेल्यावर फळ आपल्या ओळखीचं राहत नाही. आंब्याचा गोडवा गेला की मागे राहतो तो सालीजवळचा, देठाजवळचा चिकाचा, राळेचा वास, आणि लोक म्हणतात यात आंबा कुठंय, तर तो तोच आहे. पीच तर इतकं फिकं पडतं की पीचचा भास आणायला पुष्कळदा जर्दाळू वापरतात. ब्लूबेरी रंग भरपूर देते आणि चव थोडीच. रास्पबेरी मात्र शेवटपर्यंत टिकते, म्हणूनच ती एवढी दिसते. चेरीच्या बिअरमध्ये बदामाचा वास आला तर बदाम घातलेत असं नाही, तो चेरीच्या आठळीतून येतो, बेंझाल्डिहाइड नावाचं द्रव्य, आणि पारंपरिक क्रीकमध्ये चेरी आठळीसकट पडलेली असते. पॅशनफ्रूटमध्ये गंधकाच्या संयुगांची एक घामट कडा असते, ती चांगल्या अर्थाने असते.

फळाच्या मागे काय आहे ते शोधा. ओलं गवत, तबेला, चामडं, जुनं तळघर असं काही आलं तर ते ब्रेटचं, म्हणजे ब्रेटॅनोमायसिसचं, काम. कणीक, पाव, बिस्किटाचा कच्चा वास आला तर ती मूळ बिअर, गहू आणि फिकट माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. व्हॅनिला, नारळ आला तर लाकूड किंवा घातलेली व्हॅनिला. हे सगळं चाखायच्या आधीच कागदावर घ्या, कारण एकदा तोंडात गेली की आंबटपणा बाकीच्यांना बोलू देत नाही.

घोट

पहिला घोट सोडून द्या. म्हणजे प्या, पण त्यावरून काहीही मत बनवू नका. तोंड आंबटाला तयार नसतं, लाळ एकदम सुटते, चेहरा वाकडा होतो, आणि ती प्रतिक्रिया बिअरबद्दल काही सांगत नाही. अर्धा मिनिट थांबा.

दुसरा घोट नाक चिमटीत धरून घ्या. ही युक्ती सगळ्यांनी करून बघावी असं मला अगदी मनापासून वाटतं. नाक बंद असलं की फळ गायब होतं, पूर्ण गायब, कारण फळाची "चव" जवळपास सगळी वासातूनच येते, आणि जिभेवर उरतं फक्त आंबट, गोड, खारट, कडू आणि तुरटपणा. या पाच-सहा सेकंदात तुम्हाला बिअरचा सांगाडा दिसतो. आंबटपणा कुठला आहे, लिंबासारखा टोकदार की निवळीसारखा गोल, की दोन्ही? रास्पबेरी, पॅशनफ्रूट, संत्रं ही सायट्रिकवाली फळं, चेरी आणि सफरचंद मॅलिकवाली, म्हणजे जिवाणूंच्या लॅक्टिकवर फळाचं स्वतःचं अ‍ॅसिड चढलेलं असतं आणि हे दोन थर वेगळे ओळखता येतात. जुन्या पिंपातल्या बिअरमध्ये जिवाणू मॅलिकचं लॅक्टिक करून टाकतात त्यामुळे तीच चेरी तिथे मऊ लागते. गोड आहे का तेही इथेच खरं कळतं. व्हॅनिलावाल्या सॉर नाक उघडं असताना खूप गोड वाटतात, नाक बंद केलं की बऱ्याचदा तेवढ्या गोड नसतात, तो वासाने दिलेला गोडवा असतो.

मग गिळा आणि नाक सोडा. फळ मागून, घशाकडून वर नाकात येतं आणि त्या क्षणी ते एकटं, वेगळं कळतं. आता हे फळ मघाशी ग्लासात हुंगलेल्या फळासारखंच आहे का? वास ताज्या रास्पबेरीचा आणि तोंडात जॅमची रास्पबेरी असं होऊ शकतं. आणि नाकात भरपूर फळ, तोंडात मात्र ना तुरटपणा, ना फळाचं अ‍ॅसिड, ना गराचं वजन असं असेल तर अर्क वापरला असण्याची शक्यता बरीच आहे, लेबलचे घटक परत बघा.

तिसरा घोट नेहमीसारखा, थोडा मोठा, सगळ्या तोंडात फिरवा. जिभेच्या टोकाला गोड, कडेला आंबट असला नकाशा विसरून जा, तो चुकीचा आहे, जीभ सगळीकडे सगळं ओळखते. आता अंग बघा, पातळ, मलईदार की घट्ट गरासारखं. बुडबुडे बारीक की बोचरे, कारण कार्बन डायऑक्साइडही आंबटपणाला धार लावतो, गॅस निघून गेलेली तीच बिअर कमी आंबट वाटते. साल, बिया आणि लाकूड यांतून टॅनिन येतं, ते हिरड्यांवर आणि गालांच्या आत कोरडं, खरखरीत जाणवतं, त्याला आंबट समजू नका. आंबटाने पाणी सुटतं, तुरटाने तोंड सुकतं, एवढी खूण पुरे.

चौथा घोट फक्त बिअर शोधायला. हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात दुर्लक्षित. गिळल्यावर तोंड बंद ठेवून नाकाने हळू श्वास सोडा, आंबटपणा उतरत असताना मागे धान्य येतंय का बघा, पावाचं, कणकेचं, कोरड्या गव्हाचं. कडूपणा शोधू नका, तो मुद्दामच ठेवलेला नसतो, बिअरला कडूपणा देणारी हॉप्सची फुलं लॅक्टोबॅसिलसला वाढू देत नाहीत आणि कडू-आंबट एकत्र तोंडाला खटकतं. धान्याची खूण कुठेच सापडली नाही तर ती बिअर म्हणून माझ्या मनातून थोडी उतरते, मग ती पेय म्हणून कितीही चविष्ट असो.

मग थांबा. खरंच थांबा, तीसेक सेकंद, काही खाऊ-पिऊ नका. चव कशी जाते ते बघायचं, आधी फळ जातं की आधी आंबटपणा, शेवटी काय उरतं. आणि पिंपातल्या बिअरमध्ये या थांबण्याला आणखी एक कारण आहे. टेट्राहायड्रोपिरिडीन, टीएचपी, या नावाची एक चूक असते, उंदराच्या पिंजऱ्यासारखा किंवा सादळलेल्या सीरियलसारखा वास, तो ग्लासात येतच नाही कारण आंबट द्रवात ते द्रव्य उडत नाही, गिळल्यावर लाळेने तोंड कमी आंबट झालं की मग ते सुटतं आणि मागून येतं. काही जणांना ते जाणवतच नाही, म्हणून दोघं चाखत असाल आणि एकाला येतंय दुसऱ्याला नाही तर भांडू नका.

दोष कुठला आणि प्रकार कुठला

आंबट, गढूळ, तबेल्याचा वास, खारट, फेस नाही, यातलं काहीही आपोआप दोष नाही. दोष हे:

उलटीसारखा, खवट लोण्यासारखा वास, तो ब्युटिरिक अ‍ॅसिडचा, केटल सॉर करताना नको ते जिवाणू शिरल्याची खूण. जुनाट मोजे, वाळलेलं चीज, ते आयसोव्हॅलेरिक. नेलपॉलिश रिमूव्हरचा दर्प म्हणजे इथाइल अ‍ॅसिटेट, तो बहुतेक वेळा जास्तीच्या व्हिनेगरच्या हातात हात घालून येतो आणि दोन्ही पिंपात हवा शिरल्याचं सांगतात. ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे बिअर जुनी झाली. उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे डायमिथाइल सल्फाइड, कमी उकळलेल्या बिअरमध्ये राहतो. पॉपकॉर्नच्या लोण्यासारखं काही आलं तर डायअसिटिल, ब्रेटला पुरेसा वेळ मिळाला असता तर त्याने ते साफ केलं असतं. ब्रेट मात्र बर्लिनर म्हणून विकलेल्या साध्या केटल सॉरमध्ये नको आणि लँबिकमध्ये हवं, म्हणून लेबलपासून सुरुवात केली.

तोल कसा ठरवायचा

इथे बरेच जण पीएचचा, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा विचारतात, तो जेवढा कमी तेवढं आम्ल जास्त. साधी बिअर ४ ते ४.५ च्या मध्ये असते, सॉर साधारण ३.१ ते ३.६, आणि पीएच एकने उतरला म्हणजे आम्लता दहापट वाढली. पण जिभेला फक्त पीएच कळत नाही, एकूण अ‍ॅसिड किती आहे, साखर किती उरलीय, गॅस किती आहे यावरही ठरतं, त्यामुळे ३.३ ची कोरडी बिअर आणि ३.३ ची गरवाली बिअर पूर्ण वेगळ्या लागतात. आकड्यावरून चांगली-वाईट ठरत नाही आणि जास्त आंबट म्हणजे जास्त भारी असं तर मुळीच नाही.

मी तीन प्रश्न विचारते. आंबटपणा कमी असता तर हे फळ सपाट वाटलं असतं का? फळ काढलं तर खाली पिण्यासारखं काही उरलं असतं का? आणि पाचव्या घोटाला पहिल्यापेक्षा जास्त प्यावीशी वाटतेय की कमी? पहिल्याचं उत्तर हो असेल तर आंबटपणा फळासाठी काम करतोय. दुसऱ्याचं नाही असेल तर बिअर फक्त फळाची वाहक आहे. तिसरं सगळ्यात प्रामाणिक, कारण नुसतं जोरात असलेलं फळ आणि नुसता जोरात असलेला आंबटपणा दोन्ही दोन घोट छान लागतात आणि मग तोंड थकतं.

याच वेळी बाजूला ठेवलेला फळाचा तुकडा खा, आणि मग घोट घ्या. फळाच्या गोडाने बिअर आधीपेक्षा आंबट लागणार, ते गृहीत धरा, पण फळाची कुठली बाजू ब्रूअरने उचलली आणि कुठली सुटली हे एकदम उघडं पडतं.

आता त्याच ग्लासात उरलेली बिअर दहा-पंधरा मिनिटं ठेवून परत चाखा, आणि गार ठेवलेल्यातली थोडी नवीन ओतून शेजारी ठेवा. गरम होताना चांगली बिअर उघडते, ब्रेट पुढे येतं, जर्दाळूचा, चेरीचा वास रुंद होतो, दोष असेल तर तोही लपत नाही. स्मूदी मात्र गरम झाली की बहुधा जड आणि चिकट होते, तिला गारच संपवलेलं बरं.

काय लिहून ठेवायचं

"छान", "रिफ्रेशिंग", "फ्रूटी" लिहून सहा महिन्यांनी काही आठवत नाही. नोंद अशी असावी: "रास्पबेरी, ताजी, बियांच्या लाकडी कडेसकट. आंबटपणा आधी टोकदार मग गोल, व्हिनेगर नाही. नाक बंद करून गोडवा नाही. अंग पातळ, बुडबुडे बारीक. गिळल्यावर फळ आधी गेलं, शेवटी कोरडा गहू आणि थोडा तुरटपणा. गरम झाल्यावर किंचित गवत. पाचवा घोट पहिल्याहून आवडला." एवढं पुरे. सोबत तारीख आणि बिअरचं वय. आवडली की नाही ते शेवटी आणि वेगळं लिहा, वर्णनात मिसळू नका.

एकापेक्षा जास्त असतील तर

तीन-चारच्या पुढे जाऊ नका, आंबटाने जीभ लवकर बधिर होते. क्रम कमी आंबट ते जास्त, कोरडी ते गोड, हलकी ते जड, आणि स्मूदी नेहमी शेवटी कारण तिच्या साखरेनंतर कोरडी क्रीक असह्य आंबट वाटेल. ताकदीचा आकडा डोळ्यासमोर ठेवा, गर आणि गोडवा ७-८ टक्के अल्कोहोल सहज झाकतात. दोन बिअरच्या मध्ये पाव, पाणी आणि पाच मिनिटं. सगळ्यात शिकवून जाणारी जोडी हवी असेल तर एकाच फळाच्या दोन घ्या, एक केटल सॉर आणि एक पिंपातली, चेरी असेल तर फारच छान, आणि वरचे चारही घोट दोन्हीवर करा.

पोटात अ‍ॅसिडिटीचा त्रास असणाऱ्यांनी रिकाम्या पोटी हे करू नये. आणि दातांचं: तोंडातलं पीएच ५.५ च्या खाली गेलं की एनॅमल विरघळायला लागतं आणि इथे आपण ३.३ चं काहीतरी अर्धा तास तोंडात घोळवतोय, म्हणून प्रत्येक ग्लासानंतर साध्या पाण्याने चूळ भरा, आणि सगळं झाल्यावर लगेच ब्रश करू नका, मऊ पडलेलं एनॅमल घासलं जातं, निदान अर्धा तास, जमलं तर तासभर जाऊ द्या.